रविवारचा वाढदिवस रविवारीच

धाकटी ‘नाही’ म्हणाली तेव्हा वहिनीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिला मध्ये पडता आलं नाही. हातातलं खुर्चीचं कव्हर गुडघ्यावर दाबून धरत तिने नवऱ्याकडे पाहिलं. दादाला ‘नाही’ नवीन नव्हतं. गिऱ्हाइकं रोजच ‘नाही’ म्हणतात, पण त्यामागे घासाघीस असते, थोडं ताणलं की त्याचं ‘बरं’ होतं. बहिणीच्या ‘नाही’मागे काहीच नव्हतं, आणि तेच त्याला झोंबलं.

“सोमवारी म्हणतोय मी,” तो आवाज न चढवता म्हणाला. “रविवारी संध्याकाळी हॉलवर त्या डॉक्टरांच्या नातवाचा वाढदिवस आहे. कमान उतरवत नाही, फुगे तसेच ठेवतो. सोमवारी तुझ्या भिंगरीच्या वर्गातली सगळी पोरं घेऊन ये. पैशाचं नाव काढू नकोस.”

“भिंगरीचा वाढदिवस रविवारी आहे, दादा.”

“मग? एका दिवसाने असं काय बिघडतं?”

हॉलच्या मागची ही खोली म्हणजे या घराचा खरा दिवाणखाना. पुढे आरसे, झुंबरं आणि गालिचा. मागे इस्त्रीचं टेबल, फुग्यांचा पंप आणि कव्हरांचे ढीग. दादाच्या वडिलांनी, अण्णांनी, समारंभांसाठी हॉल काढला तेव्हापासून घरातले सगळे निर्णय इथेच झाले, तेही बहुतेक उभ्याने. खुर्च्या शेकड्याने होत्या, पण त्यांवर बसणारे लोक नेहमी दुसरे होते.

आणि या घराचा एक रिवाज होता, जो कुणी ठरवला नव्हता आणि मोडलाही नव्हता. हॉलवाल्यांच्या पोरांचे वाढदिवस दुसऱ्या दिवशी. कुणाचा तरी समारंभ झाला की सकाळी त्याच कमानीखाली घरच्या पोराला उभं करायचं. फलकावरचं नाव उलथन्याने खरवडून काढायचं आणि वर आपलं चिकटवायचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला ही काटकसर वाटली होती, कौतुकही वाटलं होतं. मग तिच्या मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला फोटो काढताना नवं नाव गळून पडलं आणि खालून भलत्याच पोराचं अर्धं नाव वर आलं. मुलगा आता परगावी शिकतो. तो फोटो तिने अजून कुणाला दाखवलेला नाही.

“कुठे करणार आहेस मग?” अण्णांनी विचारलं. गुडघा दुखायला लागल्यापासून या खोलीत बसायची परवानगी असलेले ते एकटेच.

“बागेत. तळ्याजवळच्या.”

“कुणाची आहे ती?”

“सगळ्यांची.”

“म्हणजे कुणाचीच नाही.” अण्णा खुर्चीत पुढे सरकले. “हॉलवाल्याची नात गवतात बसून केक कापणार. लोक विचारतील, काय हो, हॉल विकला की काय?”

“विचारू देत की. नाही विकला म्हणून सांगा.”

“अगं, दादा एवढं म्हणतोय,” आई फीत गुंडाळता गुंडाळता मधे पडली. आई नेहमी शेवटी बोललेल्याच्या विरुद्ध बाजूला असे. तेवढ्यावर घरात तोल राहतो अशी तिची समजूत होती. “तुला एकटीला झेपणार आहे का? सकाळपासून चष्म्याच्या दुकानात उभी असतेस.”

धाकटी वर्षभरापूर्वी याच खोलीतून भिंगरीचं बोट धरून निघाली होती. नवऱ्याने संसार अर्ध्यावर टाकला तेव्हा ती माहेरी आली, काही वर्षं हॉलचं बुकिंग सांभाळलं, आणि एक दिवस चष्म्याच्या दुकानात नोकरी धरून दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दादा तेव्हापासून म्हणतोय, कंटाळली की येईल परत. वहिनीला तसं वाटत नव्हतं. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, हे तिने नणंदेच्या बाबतीत कधीच ओळखलं होतं, आणि त्यावरून दोघींचं आजवर फारसं जमलंही नव्हतं.

“मागच्या वर्षी भिंगरीने मला विचारलं,” धाकटी म्हणाली. तिने पर्स खांद्याला लावली, म्हणजे आता निघायचं होतं. “आई, माझाच वाढदिवस शिळा का असतो? यंदा तिचा दिवस तिच्याच दिवशी होईल. मला परवडेल तसा होईल, आणि मीच करीन. तुम्ही सगळे या. चार वाजता. हात हलवत या, काही आणू नका.”

ती गेल्यावर दादा म्हणाला, “डोकं फिरलंय हिचं.” वहिनीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकल्या. शिळा हा शब्द तिला लागला होता. नवऱ्याला ते सांगावं असं वाटलं, पण फोन वाजला आणि तो सोमवारचं कुणाचं तरी बुकिंग घ्यायला पुढे गेला.

*

रविवारी दुपारी धाकटी बागेत पोचली तेव्हा तिला हवं होतं ते झाड मोकळं होतं. तळ्यापासून लांब, म्हणजे पोरं पाण्यात जायची भीती नाही. झोपाळ्यांपासूनही लांब, म्हणजे केक कापायच्या वेळी निम्मी पोरं झोपाळ्यावर असायची नाहीत. नळ मात्र जवळ. ही जागा तिने तीन रविवार हेरून ठेवली होती.

खाली अंथरायला तिने जुन्या चादरी शिवून एकच मोठी केली होती. झाडाला दोरी बांधून त्यावर झेंडे लावायचे होते, तेही घरचेच. दुकानात चष्म्याबरोबर काच पुसायचे रुमाल येतात, निळे, पिवळे, करडे. रंग उतरलेले, कड वाकडी झालेले रुमाल मालक टाकून देतो, ते तिने महिनोन्‌महिने साठवले होते. केक घरीच केला होता, दोन ताटांत, आणि मधली फट साखरेच्या लेपाने बुजवली होती. बाकी ब्रेडची त्रिकोणी सॅंडविचं, कापलेली कलिंगडं आणि लिंबाचं सरबत. जेवायची वेळ टाळूनच तिने चार ते सहा सांगितलं होतं. त्यात कंजूषपणा आहे असं कुणी म्हटलं असतं, तर तिने हो म्हटलं असतं.

“इथे काय चाललंय?” मागून आवाज आला. बागेची राखणदार होती, खाकी कपड्यातली, गळ्यात शिट्टी. पोरं तिला शिट्टीवाली म्हणत आणि ती आली की झाडांवरून भराभर उतरत.

“मुलीचा वाढदिवस आहे. तिच्या वर्गातली मुलं येतील.”

“चादर टाकून बसणार?”

“हो.”

“खुर्च्या? टेबलं? स्पीकर? कमान-बिमान?”

“काही नाही.”

“मग हरकत नाही.” शिट्टीवालीने झेंड्यांकडे पाहिलं आणि दोरीची गाठ ओढून बघितली. “खिळा मारला नाहीस, हे बरं केलंस. चादर टाकली की ती सहल. खुर्ची आत आली की तो कार्यक्रम. कार्यक्रमाला परवाना लागतो, आणि तो आठ दिवस आधी. मागे एकाने जादूगार आणला होता. जादूगारासकट बाहेर काढला.”

“माझ्याकडे जादूगार नाही.”

“तोंडावरून वाटतही नाही,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

भिंगरी चादरीवर झोपून झेंडे उलटेपालटे करून बघत होती. “आई, यांच्यावर कुणाचं नाव नाहीये.”

“नसणारच. नवीन आहेत.”

“म्हणजे आपलेच?”

“आपलेच.” धाकटीने तिचे केस कपाळावरून मागे सारले. मग तिने सॅंडविचांचा डबा विनाकारण उघडून पुन्हा लावला.

*

दादाने टेम्पो बागेच्या फाटकाशी उभा केला तेव्हा त्याचं मन स्वच्छ होतं. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. शनिवारभर त्याने विचार केला होता आणि तो एका निष्कर्षाला आला होता: बहीण हट्टी आहे, पण भाची आपली आहे. हॉल बागेत नेता येत नाही असं कुणी सांगितलं? मागे खुर्च्या रचलेल्या होत्या, पांढऱ्या कव्हरांसकट. घडीची कमान होती. केकचं टेबल होतं, झालरीचं. स्पीकरही घेतला होता, लहानवाला. आणि सगळं धुतलेलं, कोरं, कुणाचं काढून आणलेलं नव्हे. डॉक्टरांच्या नातवाचा समारंभ सातला होता. पोरांचं आटोपून सहाला परतायचं, असा हिशेब त्याने बसवला होता. पुढे अण्णा, मागे खुर्च्यांना धरून आई आणि वहिनी.

“तिने काही आणू नका म्हटलं होतं,” वहिनी वाटेत एकदा म्हणाली होती.

“म्हणायचं असतं तसं.”

त्याच्या माणसांनी पाच-सहा खुर्च्या झाडाखाली नेऊन मांडल्यासुद्धा. दादा रांग सरळ करत होता, तेवढ्यात शिट्टी वाजली.

“कुणाचा माल आहे हा?”

“आमचाच,” दादा म्हणाला. “घरचं आहे. वाढदिवस आहे.”

शिट्टीवालीने टेम्पोकडे पाहिलं. टेम्पोच्या अंगावर हॉलचं नाव, फोन नंबर आणि ‘सर्व प्रकारच्या समारंभांसाठी’ असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. ते दादानेच मागच्या वर्षी नव्याने रंगवून घेतलं होतं.

“परवाना?”

“अहो, घरचं आहे म्हणतोय ना. माझी भाची.”

“भाची असो नाहीतर आजी असो. हा धंद्याचा माल आहे. धंदा बागेत चालत नाही.” मग ती धाकटीकडे वळली, आणि या वेळी तिचा सूर बदलला होता. “तू मला सहल सांगितलीस. हे सगळं बाहेर जाईल, नाहीतर तुम्ही सगळे बाहेर जाल. मी फाटकाशी उभी आहे. पोरं यायच्या आत काय ते ठरवा.”

ती गेली. पलीकडे गवतावर एक कुटुंब डबे घेऊन बसलं होतं. त्यांनी आपल्या चटया गुंडाळायला सुरुवात केली, म्हणजे जागा सुटली की लगेच धरता येईल.

दादाने खिशातून फोन काढला. “थांब, माझ्या ओळखीचा एक आहे उद्यान विभागात. रविवार आहे, पण उचलेल.”

“नको,” धाकटी म्हणाली.

“दोन मिनिटांचं काम आहे.”

“दादा, फोन ठेव. हे सगळं परत घेऊन जा.”

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण टेम्पोवरच्या माणसांनी ऐकलं, आणि खुर्ची धरलेला एक जण ती ना खाली ठेवता, ना वर उचलता तसाच उभा राहिला. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्या व्हायच्या. अण्णा ओरडले की व्हायच्या, आणि त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

“मी तुझ्यासाठी आणलं हे.”

“माहीत आहे मला.”

“माहीत आहे तर लोकांसमोर असं बोलतेस?”

“मग कधी बोलू? सोमवारी?” धाकटी थांबली नाही. “तू वाईट नाहीस रे. तू चांगला आहेस, म्हणून तर मला इतकं जड जातं. तू दिलंस की मला घ्यावंच लागतं, आणि घेतलं की तुझ्या दिवशी, तुझ्या वेळेत, तुझ्या कमानीखाली. मला आज तिला एवढंच दाखवायचंय, की आपलं आपल्याला जमतं. एवढा एक दिवस दे मला.”

दादा वळून माणसांना म्हणाला, “चला, चढवा रे.” आणि बहिणीला, “मग मीही जातो. हॉलवर कामं पडलीत.”

“अहो,” वहिनी म्हणाली.

“चल.”

“मी नाही येत.” हे शब्द बाहेर पडल्यावर वहिनीलाच नवल वाटलं. लग्नानंतर तिने नवऱ्याला चारचौघांत कधी अडवलं नव्हतं, आणि तेही नणंदेसाठी. “मी वाढदिवसाला आलेय. तुम्ही या जाऊन. मी इथेच आहे.”

दादाने आईकडे पाहिलं. आई शेवटी बोललेल्याच्या विरुद्ध बाजूला जाणार हे त्याला ठाऊक होतं. पण आईने फक्त पदर खोचला आणि सरबताच्या भांड्याकडे गेली.

उरले अण्णा. ते कसेबसे टेम्पोतून उतरले होते आणि झाडाला धरून उभे होते. बागेच्या ते पहिल्यापासून विरुद्ध. मुलाबरोबर परत जाणं हेच त्यांच्या मताला धरून झालं असतं. त्यांनी टेम्पोच्या उंच पायरीकडे एकदा पाहिलं आणि एकदा आपल्या गुडघ्याकडे.

“एकदा उतरलो की मला पुन्हा चढवत नाही,” ते म्हणाले. “तू हो पुढे.”

*

पोरं आली. एकेक करून, आईबापांचा हात धरून, नवे कपडे घालून. आणि येऊन चादरीच्या कडेला उभी राहिली.

धाकटीच्या आईला काहीतरी चुकतंय हे आधी कळलं, पण काय ते कळेना. तिने सरबताचे पेले भरून ठेवले. वहिनीने चादरीची सुरकुती काढली, मग दुसऱ्या टोकाची काढली, मग पहिल्या टोकाची पुन्हा. धाकटी सॅंडविचांचं ताट घेऊन एका पोरापासून दुसऱ्याकडे धावत होती. पोरं नम्रपणे एकेक त्रिकोण घेत आणि हातात धरून उभी राहत. आईबाप पायवाटेवर घोळक्याने उभे होते, कुणीतरी ‘बसा’ म्हणेल याची वाट बघत. भिंगरी मध्यभागी एकटीच, नव्या फ्रॉकचा पट्टा पिळत. एक मुलगा आपल्या बापाला म्हणाला, “सुरू कधी होणार?”

आणि मग आईने आपल्या माणसांकडे पाहिलं. अण्णा झाडाशी, आपण सरबताच्या भांड्याशी, सून कडेला, लेक ताट घेऊन. चौघंही उभे आणि चौघंही कडेला. जन्मभर दुसऱ्यांचे समारंभ केले, तेव्हा आपली जागा भिंतीलगत. आज भिंत नव्हती तरी सगळे तिला टेकून उभे होते. हॉल परत पाठवला, पण हॉलवाले इथेच राहिले होते.

“धाकटे,” आई म्हणाली, “ते ताट खाली ठेव.”

“अगं, अजून सगळ्यांना मिळालं नाहीये.”

“भूक लागली की घेतील. ही काही पंगत नाही. पाहुणे कोण आणि वाढपी कोण तेच कळेना त्या पोरांना. बस तू.”

“कुठे?”

“खाली. तुझ्या लेकीशेजारी. सूनबाई, तूही बस. आणि अहो,” ती अण्णांकडे वळली. तिच्या आवाजात नवऱ्याशी बोलताना असणारी धार होती आणि आज ती कुणासाठी झाकलेली नव्हती. “तुम्हीही.”

“मी? गवतात?”

“मग काय खुर्ची मागवू? ती गेली परत.”

धाकटीने ताट ठेवलं. तिचे हात रिकामे झाले आणि त्यांचं काय करायचं हे तिला क्षणभर समजेना. मग ती चादरीच्या मधोमध मांडी घालून बसली आणि बाजूचं खोकं पुढ्यात ओढलं. ते तिने केकनंतर काढायचं ठरवलं होतं. भिंगांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून तिने चष्म्यांच्या चौकटी कापून आणल्या होत्या, लहान नाकांना बसतील अशा. आणि लाल, हिरवे, पिवळे, पारदर्शक रंगीत कागद.

“कुणाला नंबर काढून घ्यायचाय?” ती म्हणाली.

कुणी हललं नाही. तिने समोरच्या मुलाकडे निरखून बघितलं, तो ‘सुरू कधी होणार’वाला. “तुझा लाल नंबर दिसतोय. फार लाल. ये इकडे, नाक दाखव.”

तो आला. तिने त्याच्या नाकावर बोट ठेवलं, दोन डोळ्यांमधलं अंतर बघितलं, अगदी दुकानात बघते तसं गंभीरपणे, आणि कागद कापून चिकटवून चष्मा त्याच्या कानांवर अडकवला. पोरगा मान वर करून झाडाकडे बघत राहिला.

“सगळं लाल झालं,” तो हळूच म्हणाला.

मग मात्र रीघ लागली. पुढच्या चार चष्म्यांनंतर पोरं स्वतःच कापायला लागली, आणि कात्र्या पुरेनात म्हणून आईबापांना चादरीवर यावं लागलं. एका बाईने चप्पल काढली, मग सगळ्यांनी काढल्या. ताट कुणी फिरवत नसताना त्यातली सॅंडविचं आपोआप संपू लागली. हिरव्या चष्म्यांनी पिवळ्या चष्म्यांना पळापळीत गाठायचं असं ठरलं, आणि लाल चष्मेवाले कुणाच्या बाजूचे यावरून भांडण जुंपलं. भांडण झालं तेव्हा धाकटीच्या जिवात जीव आला. भांडणाशिवाय पोरांची पार्टी झाली असं कधी कुणी पाहिलेलं नाही.

अण्णांना खाली बसवायला वहिनी आणि भिंगरी अशा दोघी लागल्या. भिंगरीने त्यांचं नाक मोजलं आणि म्हणाली, “आजोबा, तुमचा हिरवा.”

“का?”

“तुम्हाला गवत आवडत नाही ना. आता सगळंच गवत दिसेल.”

वहिनी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

*

टेम्पो कोपऱ्यापर्यंत गेला आणि दादाने थांबवला. “तुम्ही व्हा पुढे,” तो माणसांना म्हणाला. “कमान लावायला घ्या. मी येतो.” त्याला फक्त एकदा बघायचं होतं, फजिती कितपत झालीय ते. बहिणीला मदत लागेलच. आपण जवळ असलेलं बरं. निदान त्याने स्वतःला असंच सांगितलं.

तो कुंपणाच्या गजांशी उभा राहिला. पोरं उभी असल्यापासून तो तिथे होता. त्याला सगळं दिसत होतं आणि धंद्याच्या नजरेने ते बरोबर दिसत होतं: आता पाच मिनिटांत ही पार्टी बसणार. मग बहीण खाली बसली. मग ते चष्मे. मग त्याने अण्णांना गवतात बसलेलं पाहिलं, डोळ्यांवर हिरवा कागद, मांडीवर कलिंगडाची फोड, रस कोपरापर्यंत ओघळलेला. दादाने आपल्या बापाला पार्टीत खाताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. शिळं उरलेलं उभ्याने खाताना पाहिलं होतं, दिवे मालवल्यावर.

फाटकाशी शिट्टीवालीने त्याला अडवलं. “आता काय आणलंत?”

दादाने दोन्ही हात उघडून दाखवले.

“मग जा,” ती म्हणाली.

तो चादरीशी आला तेव्हा केक कापायची तयारी चालली होती आणि वाऱ्याने मेणबत्त्या राहत नव्हत्या. आईबाप अंगाचा आडोसा करून गोल बसले होते. दादाला पाहून धाकटी बाजूला सरकली. तिने शेजारी जागा केली.

“मी उभाच बरा,” तो म्हणाला. “वारा अडवतो.”

“वारा अडवायला माणसं आहेत. तू बस.”

तो बसला. समारंभात बसायची सवय नसलेला माणूस बसतो तसा, एक पाय उठायच्या तयारीत ठेवून. भिंगरीने फुंकर मारली, पोरं ओरडली, केकचा जोड बरोबर मधोमध सुटला आणि दोन्ही ताटांचे दोन वेगळे केक झाले. त्यामुळे सगळ्यांना कडेचा तुकडा मिळाला, आणि पोरांना तोच हवा असतो. धाकटीने दादाच्या हातात एक तुकडा ठेवला. तो खाईना, नुसता बघत राहिला.

“चिडलायस अजून?”

“नाही.” मग तो म्हणाला, “माझा वाढदिवस कधी असतो, सांग.”

“हे काय विचारणं? पुढच्या महिन्यात. सतराला.”

“सोळाला.”

धाकटी हसली. “काहीतरीच. जन्मभर आपण सतराला करत आलो.”

“करत आलो. जन्म सोळाचा आहे.” त्याने केकवरचा लेप बोटाने सारखा केला, एखादं कव्हर नीट करावं तसा. “त्या कापडवाल्या शेटजींचा मुलगा आठवतो? माझ्याच वर्गात होता. त्याचाही सोळाच. दरवर्षी हॉल त्यांचा. मी सोळाला त्याच्यासाठी फुगे फुगवायचो आणि सतराला त्याच्याच फुग्यांखाली उभा राहायचो. पुढे तो शिकायला गेला, बुकिंग बंद झालं, पण सतरा तशीच राहिली. कुणी बदलली नाही. मीही सांगितलं नाही. एका दिवसाने काय बिघडतं?”

बुकिंगच्या टेबलावर इतकी वर्षं बसून, सगळ्या गावाच्या तारखा तोंडपाठ असून, सख्ख्या भावाची तारीख धाकटीला माहीत नव्हती. तिने वहिनीकडे पाहिलं.

“मला लग्नाच्या कागदांवर कळलं,” वहिनी म्हणाली. “आई-अण्णांना वाईट वाटेल, बोलू नकोस, असं हेच म्हणाले.”

आईने पदर तोंडाला लावला होता. तिला अर्थात माहीत होतं. तिनेच तर जन्म दिला होता. पण माहीत असणं आणि आठवण ठेवणं यात तिने इतकी वर्षं अंतर पडू दिलं होतं, आणि ते आता तिला दिसत होतं.

“यंदा सोळाला कोणता वार आहे?” धाकटीने विचारलं.

“शनिवार. हॉल भरलाय. साखरपुडा आहे मोठा.”

“भरू दे. त्या दिवशी तुझा—”

“तू थांब,” अण्णा म्हणाले.

ते मघापासून ऐकत होते. हिरव्या चष्म्यामागे त्यांचे डोळे दिसत नव्हते, आणि तो काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा त्यांना तो काढायचा नव्हता.

“सोळाला किल्ल्या माझ्याकडे दे,” ते मुलाला म्हणाले. “हॉल मी बघतो. तू त्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही. फिरकलास तर दारातून परत पाठवीन.”

“अण्णा, तुमचा गुडघा—”

“गुडघ्याचं मी बघतो. तू केक खा.”

दादाने तुकडा तोंडात टाकला. तो चावत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता, कारण भिंगरी त्याच्या मांडीवर येऊन बसली होती आणि दोन्ही हातांनी त्याचं नाक मोजत होती. मग अण्णांनी आपला गुडघा दोन्ही हातांनी धरला, उठायचा एक प्रयत्न करून पाहिला, आणि मुलाकडे हात पुढे केला.

“चल,” ते म्हणाले. “आता मला उठव.”